नवऱ्याच्या नावे निघालेले रुग्णसेवेचे प्रमाणपत्र बायकोच्या नावे करून मिळण्याबाबत

प्रति,
माननीय कौशल्य-मान्यता अधिकारी,
प्रौढ शिक्षण कार्यालय.

विषय : घरात शिकलेल्या कामाचे प्रमाणपत्र भलत्याच माणसाला गेल्याबाबत.
संदर्भ : आपले कालचे पत्र, ‘विनाप्रमाणपत्र रुग्णसेवा केल्यास कारवाई’.

महोदय,

१. अर्जदार ही अंथरुणाला खिळलेल्या एका सासूची सून होती. सासूबाईंना नळीने भरवणे, पाठीच्या जखमा धुणे, आणि ते करताना “माझ्या लेकीचा हात असता तर दुखलं नसतं” हे ऐकून घेणे, ही कामे तिने सासूबाई जाईपर्यंत केली. लेक त्या काळात फोनवर रडत असे.

२. अशा कामाचे आपण प्रमाणपत्र देता व त्यावर रुग्णालयात नोकरी मिळते, असे कळल्यावरून तिने अर्ज केला. आपले तपासनीस घरी आले, चहा प्यायले आणि त्यांनी शेरा मारला, की कौशल्य कुटुंबात मिळालेले असल्याने ते कुटुंबाचे आहे. सबब प्रमाणपत्र कुटुंबप्रमुखास द्यावे. कुटुंबप्रमुख, म्हणजे अर्जदाराचे पती, आत झोपले होते. त्यांना उठवून त्यांचे अभिनंदन करण्यात आले.

३. नोकरी पतींना लागली. आईच्या खोलीत ते नाकाला रुमाल लावून उंबऱ्यापर्यंतच जात, परंतु प्रमाणपत्रात तसा उल्लेख नव्हता. नाव बदलायला कुटुंबप्रमुखाची लेखी संमती लागते, असे आपल्या कार्यालयाने सांगितले. ती मागितली असता पती म्हणाले, “आपल्यात तुझं-माझं असतं का गं?” आणि डबा उचलून कामावर गेले. वॉर्डातून मात्र त्यांचे फोन येत : “अगं, ह्याला धरायचं कुठून?”

४. एकदा फोन लागला नाही. पतींनी एका धिप्पाड रुग्णास स्वतःच्या अकलेने उचलले. रुग्ण सुखरूप आहे. पतींचा मणका नाही. ते आता आईच्याच पलंगावर असतात.

५. पुन्हा सेवा सुरू झाली, म्हणून अर्जदाराने पुन्हा अर्ज केला. त्यावर आपण कळवलेत, की या घरात एक प्रमाणित सेवक उपलब्ध असताना अप्रमाणित व्यक्तीने रुग्णास हात लावणे गुन्हा आहे. म्हणजे पतींची सेवा पतींनीच करावयाची.

६. अर्जदाराने आजवर कुणाचा शब्द मोडलेला नाही, सरकारचा तर नाहीच. पत्र आल्यापासून तिने हात लावलेला नाही. पती एकाच कुशीवर आहेत. “अगं, नुसतं वळव गं बाई, पाया पडतो,” असे ते म्हणतात. पडता मात्र येत नाही. तिने त्यांना आपले पत्र सावकाश, दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा वाचून होण्याआधीच त्यांनी पेन मागितले.

तरी प्रमाणपत्र सवडीने पाठवावे. अर्जदाराला घाई नाही.

कायद्याबाहेर बोटही न उचलणारी,
अर्जदार

सोबत : कुटुंबप्रमुखाचे संमतिपत्र. (सही थरथरली आहे, ती स्वखुशीची समजावी.)