अण्णांचा वस्तरा आणि दोन दगड

गुरु., ११ जाने. १९७३
कंपनीची सुट्टी. रघू आजही आला नाही. अण्णांचा उजवा हात लुळा पडल्यापासून हा माझा चुलतभाऊच त्यांचं दुकान चालवतो, त्यांची दाढीही तोच करायचा. दुकानाच्या पाटीवरचं अण्णांचं नाव त्यानं खरवडलं, मी जाब विचारला, तेव्हापासून येणं बंद. दुसऱ्या कुणाला बोलावू म्हटलं तर अण्णा भडकले. न्हाव्याच्या घरात बाहेरचा न्हावी? मग मी करतो म्हटलं. "तू कंपनीत स्क्रू आवळ. माझ्या गालाला हात लावायचा न्हाई."

शुक्र., १२
त्यांचा वस्तरा काढून बघितला. धार पार गेलेली. धार लावायचा दगड दुकानात. शिफ्ट सुटल्यावर चिंचवडगावात दुकानावर गेलो. रघू गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, दगड दुकानाचा आहे, कंपनीवाल्यांना मिळणार नाही. परतलो. जे बोलायचं ते सायकलवर बोललो.

रवि., १४
संक्रांत. तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही.
जुन्या बाजारातून दोन दगड आणले. एक काळा, खरखरीत, नवा, सपाट. दुसरा पिवळट, हाताला साबणासारखा, पण वापरून मधे खोलगट. सपाट म्हणून आधी काळा घेतला. थोडे हात मारले तर धारेला करवतीसारखे दात. अण्णांनी डाव्या हातानं काळा दगड अंगणात भिरकावला. "यानं विळा घास." पिवळा चालेल का विचारलं. तोंड भिंतीकडं.

गुरु., १८
अख्खी सुट्टी पिवळ्यात गेली. काचेवर ओला पॉलिशपेपर, त्यावर दगड घासायचा. आधी दगडावर पेन्सिलच्या रेघा. सगळ्या पुसल्या की सपाट, एवढं कंपनीत शिकलोय. कडेच्या लगेच गेल्या, मधल्या हटेनात. अण्णांच्या खाटेवरून शिव्या चालूच. सुमन म्हणाली, दोघा बापलेकांना कोंडून मी माहेरी जाते. खरंच जाईल. संध्याकाळी मधली रेघ गेली. बोटांची सालटीही.

रवि., २१
वस्तरा आडवा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. पाठ जरा उचलली की खाटेवरून शिवी. म्हणजे बघत होते. दात जायला फार वेळ लागला. मग चामड्याच्या पट्ट्यावर. मनगटावर फिरवून बघितला, केस गेले. सांगितलं नाही.

गुरु., २५
साबण लावला. नको म्हणाले नाहीत. डावा गाल झाला. उजव्यावर जाताच मनगट धरलं. म्हणाले, "वस्तरा ओढतोय. दगडावर धर परत."
धरला. असा नाही म्हणाले. परत धरला. तसाही नाही. शेवटी वस्तरा हिसकावला, दगड मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं स्वतःच फिरवायला लागले. डाव्याला सवय नाही. माझी धार घालवणार. द्या इकडं म्हटलं, देत नाहीत. रघूला बोलावू का विचारलं तर वस्तराच रोखला माझ्यावर.
उजव्या गालावर साबण वाळलाय. अजून घासतायत.