चादर निघण्याआधी

बाळ्या,

प्रिय वगैरे लिहायला आज हात धजत नाही.

नाना नाहीसे झाल्यापासून कुठेही बेवारस म्हातारा सापडला की शवागारातून आपल्याला बोलावणं येतं. आजही आलं. तिथल्या माणसाने चादरीच्या टोकाला नुसता हात घातला आणि तू म्हणालास, "हे आमचे नाना नाहीत."

चादर अजून तोंडावरच होती रे.

मग ती निघाली. खरंच नाना नव्हते. हुश्श करायचं सोडून मी आधी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. ते फोनवर बोलत होते, तुझं बोलणं त्यांनी ऐकलं नाही, म्हणून निभावलं.

नाना नाहीसे झाले त्या संध्याकाळचं तुझं आणि त्यांचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. इन्स्पेक्टरांनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं, "भांडण कसलं? आमच्याकडे मीठसुद्धा ओरडूनच मागतात." ते हसले. मलाही तेव्हा ते खरंच वाटत होतं.

घरी आई दारातच उभी होती. "नव्हते ना गं?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने तुझ्या तोंडावरून हात फिरवला, तुला वाढलं आणि नानांचं ताट झाकून ठेवलं. तू पुन्हा वाढून घेतलंस.

खरं तर इन्स्पेक्टरांना लिहायला बसले होते. पण आईचा नवरा गेलाच आहे. आता मुलगाही मीच नेऊ?

हे पत्र फाडून टाकेन. तोंडी तुला एवढंच सांगेन: पुढच्या वेळी चादर निघेपर्यंत गप्प राहा.

तुझीच,
ताई