जप्तीची यादी

३ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

सहा महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल. आज मात्र लिहिणं भागच आहे. तुमच्या भावाने दीड वर्षात चिमीच्या पोटगीचा एक पैसा दिलेला नाही. फोन उचलत नाहीत, नोटिसा परत येतात. मी दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते, तरी फी दोनदा चुकली आणि बाईंनी चिमीला वर्गात उभं केलं. त्या दिवशी मन घट्ट केलं. कोर्टाने जप्तीचा हुकूम दिलाय. ते तुमच्याकडेच राहतात, म्हणून सोमवारी बेलिफ तुमच्या घरी येईल. तुमच्या वस्तूंची बिलं हाताशी ठेवा, तुमच्या चमच्यालाही धक्का लागायला नको. त्यांना आधी सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

चिमीचे पुढचे दात पडलेत, तरी तोंड क्षणभर बंद नसतं. अगदी आत्यावर गेलीय! माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
छोटी

११ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहावं कळेना, म्हणून नुसतंच नाव लिहिलं. मी त्याला काही सांगितलं नाही. भाऊ माझा, तशी भाचीही माझीच.

बेलिफ दहाला आला. बिचारा संकोची होता, आधी पाणी मागितलं, मग वही काढली. मोटारसायकल, कपाट, टीव्ही लिहिलं. रंधा, करवत सोडली. सुताराची हत्यारं घेता येत नाहीत म्हणाला. भाऊ भिंतीला टेकून उभा. मग पलंगाखालून एक छोटी खुर्ची निघाली, पाठीवर चिमीचं नाव कोरलेलं. बेलिफ ती लिहायला लागला तसा हा पुढे झाला, म्हणाला, बाकी सगळं न्या, एवढी ठेवा. कारखान्यातलं काम सुटल्यावर चिमीकडे रिकाम्या हाताने जायची लाज वाटली, महिने गेले, मग तोंड दाखवायची सोय उरली नाही, हे मला त्या परक्या माणसासमोर कळलं. मी त्याची बाजू घेत नाही. तुझ्या लाजेपायी पोरीने उपाशी राहायचं का, असं चांगलं सुनावलं. बेलिफने ती ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची परवानगी काढून त्याने मोटारसायकल स्वतःच विकून कोर्टात पैसे भरले. उरलेले हप्त्याने देणार आहे. रोज विचारतो, चिमी केवढी झाली असेल. मी सांगत नाही. जाऊन बघ म्हणते.

चिमीचा गालगुच्चा घे आणि तू वेळेवर जेवत जा.

तुझी,
वन्सं

२८ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पैसे मिळाले, फी भरली. चिमीला थोडं सांगावं लागलं. तिने विचारलं, बेलिफ बाबालाही आणतो का. मी म्हटलं, त्याच्याकडे तसा हुकूम नसतो. तर म्हणाली, मग कोर्टाला सांग ना द्यायला. मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

जुना संसार परत नको, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण कपड्यांना लाकडाचा भुसा लागलेला कुणी दुकानात आला, की माझी मान अजून आपोआप वर होते. दुसरंच कुणी असतं. मग काच पुन्हा पहिल्यापासून घासावी लागते.

येत्या रविवारी चिमी दिवसभर घरी आहे. हा हुकूम नाही, नुसता निरोप आहे. तेवढा तुम्ही पोचवा.

तुमची,
छोटी