गॅलरीत पळणारी आजी

अहो, साष्टांग नको, साधाच नमस्कार घ्या.

लेक-जावई कामावर गेले की घरात मी आणि नात, दोघीच. मायक्रोवेव्हच्या किरणांपासून पोरीला जप, असं मी इकडे यायला निघताना बजावलं होतं ना तुम्ही? म्हणून ते यंत्र सुरू केलं की मी तिला कडेवर घेऊन गॅलरीत पळायची. शेजारीण पोट धरधरून हसली.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, किरण अन्नात राहत नाहीत. भीती आहे ती चटक्याची. वाटी कोमट लागते, पण मधला भात कढत असतो. काचेच्या वाटीत गरम करा, तळापासून ढवळा, जरा थांबा आणि आधी स्वतः चाखा."

घ्या! आपल्या पोरांना भरवताना मी दुसरं काय करत होते?

आता नात केळ्यावरसुद्धा फुंकर घालते, आधी मला चाखायला लावते, मगच खाते.

तुम्ही कालची भाजी गरम करून खाता ना? की तशीच गिळता? खरं सांगा.

तुमची,
किरणांतून वाचलेली

ता.क. पाकीट बंद करताना नातीनं या पत्रावरही फुंकर घातली. म्हणाली, "आजोबांना भाजेल ना!"