मागच्या सीटवरची बाई

विटा,
ता. २२ एप्रिल १९९७

तीर्थरूप लीलाअक्कास,

धाकट्या बनूचा पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला साताऱ्याच्या हवेत कसे आहेत? इकडं सगळ्यांची तब्येत बरी आहे. ह्यांची जरा जास्तच बरी आहे, आणि मला घोर लागलाय तो त्याचाच.

माझा जयराज नोकरीला हॉलंडात आहे. जूनमध्ये त्याच्याकडं जायचं आणि आठवडाभर सायकलवरून तिथली गावं बघत हिंडायचं, असं ह्यांनी पाडव्याला जाहीर केलं. मला चल म्हणाले नाहीत. इतक्या लांब विमानानं जाऊन सायकल कोण मारतं गं? (सायकल इथंही आहे, आटपाडीचा रस्ताही आहे.) मिलिटरीतनं सुभेदार होऊन आल्यापासून हा माणूस पानपट्टीलाही मोटारसायकलनं जायचा. आता पहाटे उठून सायकलच्या कॅरिअरला गव्हाचं पोतं बांधतात आणि गिरणीला जातो म्हणतात. घामाघूम होऊन परत येतात, पोतं मात्र तसंच. गिरणीवाल्या तात्याबांना विचारलं, तर म्हणाले, सुभेदार रोज हात करून पुढं जातात, थांबत नाहीत. शिवाय मिशीला कलप सुरू झालाय. (पोराला भेटायला कलप कशाला?)

गेल्या रविवारी हे एसटीडी बूथवर गेले, तशी मी भाजीची पिशवी घेऊन मागोमाग गेले आणि दाराला कान लावला. हे जयराजला सांगत होते, "दोन सीटांचीच सायकल ठरव. बाई मागं बसंल. पायडल मारायला जमंल तिला हळूहळू. आन् तुझ्या आईला एवढ्यात काय बोलू नगंस."

अक्का, हे सरहद्दीवर असताना सगळा ऊस मी एकटीनं सांभाळला, आणि आता ही मागच्या सीटवरची बाई कोण? घरी येऊन आधी सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली, मग चहा केला नाही, आणि मग विचारलं.

ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तूच की. दुसरी कोण हाय? तू न्हाई म्हणशील म्हणून बोललो न्हाई. नोकरीत असताना तुला कवा कुठं नेलं न्हाई गं." आणि ते पोतं म्हणजे मला ओढायचा सराव.

मला रडूच आलं. मग डोळे पुसून पोतं नीट बघितलं, आणि राग आला. मी एवढी आहे का गं? पन्नाशीच्या बाईनं चारचौघांत पाय मारत हिंडायचं नसतं, असं स्पष्ट सांगून मी विषय संपवला.

तुझी,
बनू

ता. क. तुझ्या पूजाचे जुने पंजाबी ड्रेस असले तर दोन सैलसे विट्याच्या एसटीनं पाठव. वर शेवया ठेव. कंडक्टर पिशवीत डोकावतो.

आणखी एक. मे महिन्यात लोणचं घालायला म्हणून तुझ्याकडं येते. दाजींना सांग, त्यांनी मला सायकल शिकवायची आहे. इथं शिकले तर सगळं गाव गोळा होईल. जयराजला मी विचारून घेतलंय, हँडल पुढच्या माणसाकडं असतं म्हणे. ते मी ह्यांच्या हातात देणार नाही.