सुनंदाच्या परमिटचा अर्ज

२ सप्टेंबर १९५५, शुक्रवार

पोर्तुगीजांच्या गोव्याची हद्द सरकारनं बंद केली. जायचं-यायचं तर परमिट. सकाळपासून चाळीतले लोक माझ्या घरचं कुणी गेल्यासारखे माझ्याकडे बघताहेत. काही कारण नाही. सुनंदा बाळंतपणाला माहेरी म्हापशाला आहे, ती थोडी जास्त राहील, एवढंच. अर्ज केला की परमिट मिळतं, आणि अर्ज मी लिहिणार आहे. कंपनीतला सगळा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्या हातून जातो. साहेब एकदा म्हणाले होते, केंकरे, तुमचं पत्र वाचून समोरचा भांडायचंच विसरतो.

शिवाय उद्यापासून पहाटे चौपाटीपर्यंत चालायचं. बाप होणाऱ्या माणसाला पोट शोभत नाही.

३ सप्टेंबर

पाऊस. चालणं नाही.

१९ सप्टेंबर

मुलगी झाली. सुनंदाच्या भावाचं, राजारामचं पत्र आलं. दोघी खुशाल. पत्र इतकं फिरून आलंय की बारसंही होऊन गेलं असेल. मी हेमलता नाव ठरवलं होतं, तसं कळवून टाकलं.

पेढे वाटले. शेजारच्या अप्पांनी विचारलं, तू कधी जाणार बघायला? त्यांना नीट समजावलं की जायलाही परमिट लागतं, आणि दोन परमिटं मागून सरकारला गोंधळात टाकण्यापेक्षा एकच मागावं. अप्पांनी पेढा तोंडात टाकला. पटलं असावं.

११ ऑक्टोबर

अर्ज दाखल. वेळ लागला, पण मसुदा पाच वेळा घासला. लग्नाचा दाखला, त्यावर भटजींची आणि दोन साक्षीदारांची सही, नोटरीचा शिक्का. भाड्याची पावती. फोटो. कंपनीचं पत्र. सगळं टाचणीनं नीट टाचलेलं.

परमिट ऑफिस फोर्टात आहे. खिडकीवर दळवी म्हणून कारकून. पहिलं पान वाचून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिले. असं इंग्रजी त्या खिडकीत रोज येत नसणार.

सुनंदाला लिहिलं, डिसेंबरात निघायच्या तयारीत राहा.

९ नोव्हेंबर

अर्ज परत. शेरा : अपूर्ण, विवाहाचा पुरावा जोडलेला नाही.

पुरावा अर्जालाच टाचलेला आहे. त्याच्यावर त्यांच्याच ऑफिसचा आवक शिक्का आहे. दळवींना दाखवला. त्यांनी उलटसुलट बघून सांगितलं, आहे खरा. मग म्हणाले, पण शेरा वरून आलाय, आता नवा अर्ज, नवा नंबर, आणि पुन्हा रांगेत शेवटी.

मी आवाज चढवला नाही. शेऱ्याखाली परमिट ऑफिसच्या खुद्द साहेबांची सही आहे. म्हणजे माझा अर्ज वरपर्यंत गेला. बहुतेकांचे जात नसतील.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी

दुसरा अर्ज द्यायला नेमका आजच गेलो. फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. आधी लाठ्या, मग अश्रुधूर, मग गोळ्या. माझ्यासमोर एक माणूस बसल्यासारखा खाली गेला, तो उठला नाही. शर्टाच्या आत अर्ज धरून धोबी तलावापर्यंत पळालो. अर्जाला सुरकुतीसुद्धा पडलेली नाही, ऑफिस उघडलं की देईन.

अप्पा मोर्चात होते. डोक्याला पट्टी बांधून आले. मी म्हटलं, आधी एक रीतसर निवेदन द्यायला हवं होतं. त्यांनी दार लावून घेतलं. जखम दुखत असेल.

१० जानेवारी १९५६

दुसरा अर्ज परत. अपूर्ण, पान तीन नाही.

पान तीन हे पान दोनच्या मागच्या बाजूला आहे. पान दोनच्या तळाशी मी ‘कृपया मागे पाहा’ असं लिहिलंय. खाली रेघ मारलीय. दळवींनी पान उलटलं, वाचलं, परत सुलटं केलं. म्हणाले, मी काय करू सांगा. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटतं हे उघड आहे. ऑफिसात आपला एक माणूस झाला.

सुनंदाचं पत्रही आजच. मुलीला दोनदा ताप येऊन गेला. नाव सुमेधा ठेवलंय, माझं पत्र बारशानंतर पोचलं. राजाराम म्हणतो, रानातून हद्दीच्या अलीकडे बांद्याला उतरणारी वाट आहे, बायाबापड्या येतात, मी पोचवतो. शेवटी लिहिलंय, तुम्ही फक्त ये म्हणा, मी चालेन.

१२ जानेवारी

सुनंदाला उत्तर. रानातून चोरासारखं यायचं नाही. माझ्या नोकरीचा, नावाचा विचार कर. विनापरमिट आलीस तर सरकारला कळवणं हे माझं कर्तव्य ठरेल.

जरा कडक झालंय. पण शेवटचं वाक्य दोन दिवस घोळवलं होतं आणि उतरलं छान. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

१९ जानेवारी

कर्फ्यू. मुंबई केंद्राकडे जाणार असं रेडिओवर सांगितल्यापासून गिरगाव पेटलंय. समोरच्या चाळीतला एक जण गॅलरीत नुसता उभा होता, तो गोळी लागून गेला. त्याची बायको सकाळपासून रडत होती, आता आवाज येत नाही.

तिसरा अर्ज टाइप करून तयार. सगळं कागदाच्या एकाच बाजूला. ऑफिस बंद. असल्या परिस्थितीत सरकारी काम व्हायचं कसं?

६ मार्च

तिसरा परत. अपूर्ण, पत्नीची संमती जोडलेली नाही. संमती जोडलेली आहे. सुनंदाच्या हस्ताक्षरात मराठीत, आणि माझं इंग्रजी भाषांतर. दळवी म्हणाले, वरती बहुतेक भाषांतरच वाचलं, आणि त्याच्याखाली तुमची सही आहे.

सुनंदाचं पत्र नाही. माझ्या पत्राचा परिणाम झाला असावा. धीर धरायला शिकतेय.

चालणं अजून सुरू नाही. अर्ज एकदा मार्गी लागू दे.

६ मे, रविवार

दुपारी परळच्या कमलाबाई आल्या, सुनंदाची मावशी. पाणी दिलं ते घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाल्या, सुनंदा मार्चपासून माझ्याकडे आहे. मुलगीही.

मला आधी वाटलं, कुणी दुसरी सुनंदा.

राजारामनं रानातून आणलं. दोन रात्री चालली, पोरीला अफूचं बोट चाटवून झोपवलं होतं, रडू नये म्हणून. इथे आली तेव्हा पाय सुजलेले, पायताणाचा पत्ता नाही.

मी विचारलं, मला का नाही कळवलं? मावशी म्हणाल्या, तुम्ही पकडून द्याल म्हणून भ्यायली. मी म्हटलं, असं मी कधी म्हटलं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, चला माझ्याबरोबर.

त्याच दिवशी, नऊ वाजता

परळला जाऊन आलो. एक खोली, मावशींची चार माणसं, आणि कोपऱ्यात या दोघी. सुनंदा शेजारणींचे ब्लाउज शिवून देते. वाळलीय. माझ्याकडे बघून उठली, पदर सारखा केला आणि चहा ठेवला.

मुलगी सतरंजीवर बसली होती. नाक माझं आहे. मी हात पुढे केले तर भोकाड पसरलं. सुनंदा म्हणाली, नवीन माणूस बघितला की रडते.

मग तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि सांगितलं, मी तुमच्या घरी यायला तयार आहे. चाळीत म्हणा, रत्नागिरीहून आली. कुणी विचारत नाही. तुमचे ते कागद तेवढे बंद करा.

मी म्हटलं, बंद.

तिनं पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तेव्हा कुठे ती खाली बसली.

१० मे

शब्द दिलाय, तो मोडणार नाही. परमिटचा अर्ज आता करायचा नाही. पण बायकोनं रत्नागिरीहून आले म्हणत जन्म काढायचा, पोरीला शाळेत घालताना खोटं बोलायचं, हे मला कसं चालेल? म्हणून हा अर्ज परमिटचा नाहीच. हा रेग्युलरायझेशनचा. सर्व हकीकत प्रामाणिकपणे कळवायची आणि वास्तव्य कायम करून मागायचं. कोणत्या तारखेला आली, कोणत्या वाटेनं, कुठे राहिली, आता कुठे राहणार. प्रामाणिक माणसाला सरकार हात देतं. मंजुरी आली की तिच्या हातात ठेवीन.

या मसुद्यात एकही शब्द बदलावा लागला नाही.

११ मे

दिला. दळवींनी वाचला आणि खिडकीतून मला परत दिला. हळू आवाजात म्हणाले, हे घरी घेऊन जा. मी परत सरकवला. त्यांनी पुन्हा बाहेर ठेवला. म्हणाले, केंकरे, हे कागदावर कशाला? चहापाण्याची अपेक्षा असणार. इतके महिने मी त्यांना सज्जन समजत होतो. आवाज चढवला, मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. मग त्यांनी शिक्का मारला.

१३ मे, रविवार

सुनंदा घरी आली. एक ट्रंक, एक शिवणाचं मशीन, तेही मावशीचं. अप्पांनी मशीन वर चढवलं. माझ्याशी बोलले नाहीत, पण मुलीला कडेवर घेऊन गॅलरीत फिरवलं.

२० मे

सुमेधा आज माझ्याकडे पाच मिनिटं राहिली. माझ्या चष्म्याची काडी तोंडात घातली. हे नाव ऐकून ऐकून बरं वाटायला लागलंय.

सकाळी तिला घेऊन चौपाटीवर गेलो. चालून.

३ जून, रविवार

सुनंदा संध्याकाळी गुणगुणत होती. माशाची आमटी. बोलता बोलता म्हणाली, रानात एका ठिकाणी वाटलं होतं, इथंच बसावं, पुढे नाही जमणार. मग काय केलंस, विचारलं. म्हणाली, उठले.

अर्जाचं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण मंजुरी हातात आल्यावर सांगण्यात मजा आहे.

१६ जून

पत्र आलं. माझा दहा मेचा अर्ज सर्व बाबतींत पूर्ण असून पुढील कार्यवाहीसाठी संबंधित खात्याकडे पाठवला आहे.

सर्व बाबतींत पूर्ण. दोनदा वाचलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. कंपनीत सगळ्यांना दाखवलं.

२१ जून, गुरुवार

सकाळी इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई. त्यांच्या हातात माझा अर्ज होता. विनापरमिट प्रवेश, पोर्तुगीज प्रजा, पतीच्या लेखी निवेदनावरून. हद्दीबाहेर पाठवायचं.

मी त्यांना समजावत होतो की निवेदनाचा उद्देश वेगळा आहे, परिच्छेद चार बघा. इन्स्पेक्टर म्हणाला, परिच्छेद दोन पुरतो.

सुनंदानं अर्ज हातात मागितला. तिला इंग्रजी येत नाही. तिनं खालची सही बघितली आणि परत दिला.

इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, मुलगी तुमची आहे, तिला इथे ठेवता येईल. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घरात बाईमाणूस नाही, मी दिवसभर ऑफिसात. तिनं मान हलवली आणि मुलीचे कपडे ट्रंकेत भरायला लागली.

अप्पा दारात उभे होते. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

२२ जून

दळवींकडे गेलो. खिडकी बंद करून जेवायला गेले होते. परत आल्यावर मला बघितलं आणि मागच्या माणसाचा अर्ज मागितला. मी बाजूला झालो.

२३ जून, शनिवार

बोरीबंदरला गेलो. बेळगावपर्यंत गाडीनं, तिथून पुढे हद्दीवर. बरोबर एक शिपाई आणि एक पोलीसबाई. कमलाबाई डबा देऊन माझ्या बाजूनं निघून गेल्या, जणू मी खांब आहे. शिपायानं सुनंदाला चहा आणून दिला. मला ते सुचलं नव्हतं.

सुमेधा मला बघून हसली. माझ्याकडे यायला झेपावली. सुनंदानं दिली तिला.

मी सुनंदाला सांगितलं की हा निर्णय काही अंतिम नाही. अपील करता येतं. थेट दिल्लीला लिहिणार आहे, मसुदा डोक्यात तयार आहे, यावेळी परिच्छेद दोन असा मांडीन की कुणाला गैर अर्थ काढायला जागाच राहणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, माझ्यासाठी आता अर्ज करू नका. रागानं नाही. दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणून सांगावं तसं.

बरं, म्हटलं.

तिनं मुलीला परत घेतलं. गाडी सुटायला अजून वेळ होता. बाकावर तिच्या शेजारी बसून राहिलो.