खोक्यांना आडवा गेलो

तीर्थरूप आबांना,
शेंद्र्याहून रामेश्वरचा दंडवत. फोनवर तुम्ही माझ्याशी कमी अन् मेंढरांशीच जास्त बोलता, म्हणून पत्र लिहितोय. धाकट्या श्रेयाकडून वाचून घ्या.

गोदामात माझं बरं चाललंय. फक्त परवा जरा गंमत झाली. साबणाच्या खोक्यांची थप्पी कलली. साहेबांनी शिकवलं होतं, माल पडायला लागला की बाजूला पळायचं. पण आपली सवय कुठं जाती? मेंढरं उधळल्यावर जातो तसा मी हात पसरून आडवा गेलो, वर "हुर्र्र!" म्हणून ओरडलो. मेंढरू थांबतं, आबा. खोकं थांबत नाय.

मला कायबी झालं नाय. बुटाच्या पुढं लोखंड असतं, म्हणून बोटं शाबूत हायेत. हसलं की तेवढी बरगडी दुखती, अन् इथं सगळे लई हसवतात. श्रेया, एवढं मायपुढं वाचू नको.

आता रोज सकाळी साहेब मला हात पसरून उभं करतात अन् नव्या माणसांना सांगतात, "असं करायचं नाय."

लंगडी मेंढी चालाया लागली का? तुम्हीबी मेंढरं पार करताना फर्दापूरच्या रस्त्यावर काठी उगारून ट्रकला आडवे जाता. साबण थांबला नाय, ट्रक काय थांबणार?

मला नवं चमकतं जाकीट मिळालं, जुनं धुऊन तुम्हाला पाठवलंय. मेंढरं थोडे दिवस बुजतील, बुजू द्या. ट्रकवाल्याला तुम्ही दिसले पाहिजेत.

तुमच्यावरच गेलेला,
रामेश्वर